उधळणाऱ्या कुत्र्यासाठी चटईचा धडा

संध्याकाळी साडेसातला बेल वाजते. चौदा महिन्यांचा, २८ किलोंचा लॅब्रेडॉर सोफ्यावरून उठतो तो थेट दारावर. नखं फरशीवर घसरतात, शेपटीच्या फटक्यात टीपॉयवरचा कप जातो आणि आलेल्या मावशींच्या खांद्यावर दोन पंजे पडतात. घरातले चौघे एकदम ओरडतात. आजी "खाली बस", बाबा "सिट", ताई "नो नो नो", आणि आई "अरे, धरा त्याला कुणीतरी!" कुत्र्याच्या हिशेबाने पाहुणे आले आणि घरचेही आपल्याबरोबर भुंकायला लागले, मजाच मजा. मग शेजारून ठरलेला सल्ला येतो: "त्याची एनर्जी निघत नाहीये, अजून पळवा."

पळवून पाहा. पहिला आठवडा बरा जातो. महिन्याभरात मात्र अर्ध्या तासात दमणाऱ्या कुत्र्याला दमायला तास लागतो, कारण रोजच्या पळण्याने त्याचा दम वाढलेला असतो. घरात एक पट्टीचा धावपटू तयार होतो, पण थांबायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. दिवसातून दोनदा दहा मिनिटं शी-शूसाठी खाली नेऊन आणलेल्या कुत्र्याला फिरणं कमी पडतं, हे खरंच. पण रोज तासभर फिरूनही जो घरात भिंतीवर चढतो, त्याला झोप कमी पडत असते, मनसोक्त हुंगायला मिळत नसतं आणि काही न करता पडून राहायची त्याला सवय नसते. ही सवय लावता येते, 'बस' शिकवतो तशीच. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. गॅसवरचं दूध उतू गेल्यावर फुंकर मारून उपयोग नसतो. साय वर यायला लागते तेव्हाच गॅस बारीक करायचा असतो. कुत्र्याचं तसंच. अंगावर उडी मारली त्या क्षणी तो काही शिकण्याच्या पलीकडे असतो. साय वर येताना दिसते: तोंड घट्ट मिटतं, कान पुढे येतात, शेपूट ताठ उभी राहते आणि हालचाल क्षणभर थबकते. उन्हातून आलेला नसतानाही धापा लागतात, बाहुल्या मोठ्या होतात. सगळ्यात खात्रीची खूण हातातल्या खाऊची. एरवी अलगद खाऊ घेणारा कुत्रा बोटांसकट ओढायला लागला, तर दूध वर आलंय. खाऊकडे पाहतच नसेल, तर उतू गेलंय. अशा वेळी शिकवणं थांबवायचं आणि त्याला तिथून लांब न्यायचं.

आधी डॉक्टर, मग धडा

खाज, कानातला संसर्ग, गोचीड, पोटातले जंत, सांध्याचं दुखणं, यांतलं काहीही कुत्र्याला अस्वस्थ ठेवतं आणि ती अस्वस्थता बाहेरून 'मस्ती'सारखीच दिसते. पावसाळ्यात आणि त्यानंतर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवून गोचीड शोधाच. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे येत असतात, ते चावणारच. आणि पाच-सहा वर्षं निवांत असलेला कुत्रा अचानक उधळायला लागला, तर ते शिस्तीचं प्रकरण समजू नका, सरळ तपासून घ्या.

आहाराबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे: अंडी-चिकनने अंगात उष्णता वाढते आणि कुत्रा तापट होतो. मांसाहार बंद करून दूध-पोळीवर आणलेला कुत्रा शांत होत नाही. त्याला पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत आणि तो सतत काहीतरी हुडकत फिरतो. नसबंदीबद्दलही असंच. नराचं भटकणं आणि जागोजागी खुणा करणं त्याने कमी होऊ शकतं, पण बेल वाजल्यावरच्या उड्या नसबंदीने जात नाहीत. सहा ते अठरा महिने हे कुत्र्याचं आडनिड वय. लॅब्रेडॉरमध्ये ते दोन वर्षांपर्यंतही लांबतं. वय सरलं की आपोआप सुधारेल म्हणून वाट पाहिली, तर तोवर वर्षभराची सवय पक्की झालेली असते.

झोपेचा हिशेब

मोठ्या कुत्र्याला चोवीस तासांत बारा-चौदा तास झोप लागते, लहान पिल्लाला अठरा तासांच्या आसपास. फ्लॅटमध्ये कुत्र्याचं अंथरूण असतं हॉलमध्ये, दार आणि टीव्हीच्या मधोमध. दूधवाला, कामवाल्या मावशी, कुरिअर, शाळेतून येणारी मुलं, वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्च्या, या सगळ्यांना तो डोळे मिटून हजेरी देत असतो. ही झोप नव्हे. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला घोट्यांना चावत घरभर गोल गोल पळणारं पिल्लू बहुतेक वेळा झोपाळलेलं असतं, अगदी लग्नघरातल्या रडव्या पोरासारखं.

एक आठवडा कागदावर लिहून ठेवा: कधी झोपला, किती वेळ, कशाने उठला. बेरीज दहा तासांच्या खाली आली, तर आधी तेवढंच दुरुस्त करा. दुपारी एक ते चार बेडरूमच्या कोपऱ्यात अंथरूण, पडदा ओढलेला, पंखा चालू, दार लोटलेलं. पंख्याच्या आवाजात जिन्यातले आवाज बुडतात, हा फायदा वेगळाच. पहिले दोन-तीन दिवस तो कुरकुरतो. चघळायला काहीतरी द्या आणि सुरुवातीला तुम्हीही तिथेच पुस्तक घेऊन बसा. त्याला आत कोंडून निघून गेलात, तर ती खोली शिक्षेची होते.

फिरणं आणि खाणं

चेंडू फेकण्याचा खेळ लोकांना सोपा वाटतो. आपण बाकावर बसायचं, तो पळेल. पण पाठलाग हा कुत्र्याला चढवणारा खेळ आहे. चाळीस फेकींनंतर तो दमतो पण शांत होत नाही. घरी येऊनही तासभर चेंडू शोधत फिरतो. शिवाय पूर्ण वेगात गिरकी घेऊन थांबण्याने वाढत्या वयातल्या लॅब्रेडॉरच्या सांध्यांवर ताण पडतो. फेकायचाच तर पाच-सहा वेळा. शेवटची फेक झाली की मूठभर डॉगफूड गवतात पसरून टाका आणि त्याला नाकाने हुडकू द्या. त्या पाच मिनिटांत श्वास खाली येतो, आणि चेंडू संपला हे त्याला न भांडता कळतं. कारवान जातीचा कुत्रा असेल तर पाठलाग त्याच्या रक्तातच असतो. तिथे हे आणखी सांभाळावं.

फिरायला तीन मीटरची दोरी घ्या. मोकळं, रहदारी नसलेलं मैदान असेल तर पाच मीटरची. आपोआप गुंडाळली जाणारी चकतीची दोरी नको. ती कायम थोडी ताणलेली असते, त्यामुळे ओढलं की पुढे जायला मिळतं हेच कुत्रा दिवसभर शिकतो. अर्ध्या तासातली निदान वीस मिनिटं रस्ता त्याला ठरवू द्या. एकाच खांबापाशी तीन मिनिटं थांबला तर थांबा. आपल्याला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण त्याच्यासाठी तोच त्या दिवसाचा पेपर असतो.

उन्हाळ्यात वेळ सांभाळा. हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर त्याचे तळवे भाजतात. विदर्भात एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलाही रस्ता तापलेला असतो. तिथे पहाटच बरी. चढलेला कुत्रा उकाड्यात स्वतःहून थांबत नाही, हे विसरू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. सावलीत आणून, पाणी देऊन पंधरा मिनिटांनीही धाप कमी होत नसेल, हिरड्या लालभडक दिसत असतील किंवा तापमान १०४ च्या वर गेलं असेल, तर अंग साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली धरा आणि तसंच डॉक्टरांकडे न्या.

जेवणही कामाला लावा. भांड्यात ओतलेलं डॉगफूड लॅब्रेडॉर दोन मिनिटांत संपवतो. त्याच दाण्यांसाठी नाक वापरावं लागलं तर वीस मिनिटं जातात. इडलीपात्राची एक ताटली घ्या, खळग्यांत दाणे टाका, वर जुन्या टी-शर्टच्या चिंध्यांचे बोळे बसवा. ताटलीची कड धारदार नाही ना, हे बोट फिरवून पाहा. चिंध्या गिळणारा कुत्रा असेल तर बोळे नकोत. त्याऐवजी जुना पंचा पसरून त्यावर दाणे टाका, गुंडाळी करा आणि ती उलगडायला द्या. तुम्ही समोर असतानाच. चाटण्यानेही कुत्री निवतात: स्टीलच्या ताटलीवर दोन चमचे घट्ट दही पातळ पसरून दोन तास फ्रीजरमध्ये. दह्याने शी पातळ झाली, तर उकडलेल्या लाल भोपळ्याचा लगदा वापरा. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असेल तर ते कुत्र्याला विष आहे. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण, शिजवलेली हाडं, यांतलं काहीही नको.

चटई

आता मुख्य काम. कुत्र्याच्या अंथरुणापेक्षा वेगळी एक चटई निवडा. लॅब्रेडॉरला आडवं होता येईल एवढी, साधारण तीन फूट बाय दोन फूट. घडी केलेली जुनी सतरंजी उत्तम. खाली रबरी जाळी टाका. गुळगुळीत फरशीवर चटई सरकली की कुत्रा तिच्यावर विश्वास ठेवत नाही. ही चटई फक्त धड्याच्या वेळी खाली येणार. धडा संपला की गुंडाळून वर. कायम पसरून ठेवलेल्या चटईला काही अर्थ उरत नाही.

खाऊ हरभऱ्याच्या डाळीएवढा, एका वेळेला पंचवीस-तीस तुकडे. रोजच्या कोट्यातलेच ६०-७० ग्रॅम डॉगफूड बाजूला काढलं तर वजनाची काळजी नको. वेगळा खाऊ दिलात, तर तो दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. ग्लुकोजची बिस्किटं टाळा. साखर तर असतेच, वर चुरा पडतो आणि कुत्रा फरशी हुंगत बसतो. घरात शिकवताना चिकनही नको. चिकनचा वास आला की काही कुत्री आणखी चढतात. चिकन, पनीर राखून ठेवा बेल आणि रस्त्यासाठी.

वेळ अशी निवडा की तो फिरून, पाणी पिऊन आलेला आहे आणि घर शांत आहे. दारापासून लांब बसा. चटई पसरा आणि गप्प राहा. 'ये', 'बस' काही म्हणू नका. तो हुंगायला येईलच. एक पंजा चटईवर पडला की एक दाणा चटईवर ठेवा. हातात द्यायचा नाही, चटईवर ठेवायचा. हा फरक बारीक वाटतो, पण सगळं त्यावर आहे: हातातून खाल्लं की कुत्रा तुमच्याकडे बघत बसतो, चटईवरून खाल्लं की चटईकडे. चारही पाय आले की दोन पंजांच्या मध्ये तीन-चार दाणे, एकामागून एक, सावकाश. चटईवरून उतरला तर काही नाही, रागवायचंही नाही. पाच मिनिटं झाली की चार दाणे लांब फेकून त्याला उठवा आणि चटई गुंडाळा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

दोन-तीन दिवसांत चटई दिसली की तो स्वतः येऊन उभा राहील. आता उभ्याला दाणा नाही. बसला तर एक, कोपरं टेकून आडवा झाला तर तीन. 'डाऊन' म्हणून बसवू नका. हुकमाने आडवा झालेला कुत्रा स्प्रिंगसारखा ताणलेला असतो. पाहा, मागचे दोन्ही पाय अंगाखाली, उठायच्या तयारीत. आपल्याला हवा आहे तो ढिला पडलेला कुत्रा. त्याच्या खुणा वेगळ्या: कंबर एका कुशीवर कलते, मागचे पाय एका बाजूला जातात, हनुवटी पंजांवर टेकते आणि नाकातून एक लांब उसासा येतो. पहिल्यांदा हे दिसायला चार दिवस लागतील, कधी दहा. दिसलं की हळूच, हात खालून सरपटत नेऊन, हनुवटीपाशी दाणा ठेवा. वरून झपकन हात आणलात तर मान वर येते आणि सगळं मोडतं. कौतुकही हळू आवाजात. "व्वा रे माझा शेर!" असं मोठ्याने ओरडलात तर शेर उठून नाचायला लागतो. हात लावायचाच असेल तर छातीवरून सावकाश, लांब. डोक्यावर थापट्या मारू नका.

मग दोन दाण्यांमधलं अंतर वाढवा, पण चढत्या जिन्यासारखं नाही. दोन सेकंद, पाच, तीन, आठ, चार, बारा, पाच. सारखं अवघडच होत गेलं की कुत्रा कंटाळून उठतो. मध्येच सोपं आलं की टिकतो. तो सहज अर्धा मिनिट पडून राहायला लागला की तुम्ही हला. आधी बसल्या जागी कूस बदला आणि दाणा द्या. मग उभे राहा, परत बसा, दाणा. एक पाऊल मागे. पाठ फिरवा. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन या. कडीला हात लावा. लागोपाठ दोनदा उठला, तर मागच्या पायरीवर जा. चूक त्याची नाही, तुम्ही घाई केलीत.

शब्द सगळ्यात शेवटी. चटई पसरल्यावर दहापैकी आठ वेळा तो आपण होऊन आडवा होतोय असं झालं, की पसरताना "जागेवर" म्हणायला लागा. शब्द कोणताही चालेल, पण घरात सगळ्यांचा एकच. फ्रीजवर कागद चिकटवा. आजीचा "खाली बस" आणि बाबांचा "सिट" यांतून कुत्र्याला फक्त आवाजाची पट्टी कळते.

इथे एक चूक हमखास होते. कुत्रा उठतो, परत आडवा होतो आणि तुम्ही खूश होऊन दाणा देता. चार वेळा असं झालं की त्याने सूत्र बांधलेलं असतं: उठा, पडा, दाणा. मग तो बैठका काढल्यासारखा वर-खाली करत राहतो. उपाय असा: परत आडवा झाल्यावर दहा सेकंद काहीच नाही, आणि न उठता पडून राहिला तर लागोपाठ चार दाणे. कमाई पडून राहण्यात आहे हे त्याला दिसलं पाहिजे. दुसरी तक्रार, "तो माझ्यावर भुंकतो." याचा अर्थ दोन दाण्यांमध्ये तुम्ही फार ताणलंत. अंतर निम्म्यावर आणा.

शांत घरात हे जमायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. बेलचा भाग त्यानंतर.

बेल आणि पाहुणे

आपल्या बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. कुत्रा चटईवर, आवाज इतका कमी की त्याचा फक्त कान हलेल. आवाज आला की लगेच पनीरचा तुकडा चटईवर. क्रम उलटा करू नका; आधी पनीर आणि मग बेल असं झालं तर तो पनीर दिसताच सावध व्हायला लागतो. एका बैठकीत पाच वेळा, बस. दोन दिवसांनी आवाज एक घर वाढवा. बेल वाजल्यावर तो दाराऐवजी तुमच्या हाताकडे बघायला लागला की समजा गाडी रुळावर आली. मग घरातल्याच एकाला बाहेर पाठवून खरी बेल वाजवायला सांगा. दार उघडायचं नाही, फक्त बेल. नंतर दार उघडायचं, पण आत यायचं नाही. नंतर घरचं माणूस आत. पाहुणे या रांगेत सगळ्यात शेवटी.

कुरिअरवाल्यावर सराव करू नका. त्याला घाई असते, तुम्हाला ओटीपी शोधायचा असतो, आणि कुत्र्याचा तो आवडता शत्रू. तेवढा वेळ कुत्रा आतल्या खोलीत किंवा लाकडी फाटकाच्या मागे. सराव चालू असलेल्या काळात जितक्या वेळा तो दारावर झेपावेल, तितकी जुनी सवय पक्की होणार, म्हणून ती संधीच देऊ नये.

खरे पाहुणे यायच्या दिवशी कुत्र्याला हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीवर बसणारा पट्टा) घालून दोरी जमिनीवर सोडा आणि तिच्यावर पाय ठेवा. लांबी अशी की तो उभा राहू शकेल, वळू शकेल, पण पुढचे पाय उचलले की थांबेल. पाहुण्यांना फोनवरच सांगून ठेवा: आत आल्यावर त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. ते आत येतानाच तुम्ही आठ-दहा दाणे जमिनीवर पसरा. नाक खाली असताना पंजे वर जात नाहीत. चार पाय जमिनीवर असताना त्याने लाड मागितले तर मिळतील. पंजा उचलला की हात मागे.

गुडघा मारणं, पंजे धरून ठेवणं, पायावर पाय देणं हे सगळं सांगितलं जातं. कुत्र्याला त्यातून एक तर खेळ मिळतो, नाही तर पाहुणे आले की दुखतं हे कळतं. दुसरं जास्त वाईट: आज उड्या मारणारा कुत्रा उद्या गुरगुरायला लागतो.

उड्यांकडे दुर्लक्ष सुरू केलं की आधी त्या वाढतात. जिन्यातला दिवा लागला नाही तर आपणही बटण तीनदा जोरात दाबतोच. चार-पाच दिवसांचा हा भर टिकून काढला तर उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी काका म्हणतात, "असू दे हो, मला आवडतं," आणि त्याला मिठीत घेतात. दहापैकी एकदा मिळणारं बक्षीस रोज मिळणाऱ्यापेक्षा जास्त चिवट सवय लावतं. अशा काकांच्या वेळी कुत्रा आतल्या खोलीत राहिलेला बरा.

दोरी, लिफ्ट, गेट

रस्त्यावरचं ओढणं रस्त्यावर सुरू होत नाही. दोरी खुंटीवरून काढली तेव्हाच सुरू होतं. दिवसातून दहा वेळा दोरी उचला आणि परत टांगा, कुठेही न जाता. तीन-चार दिवसांत दोरीच्या आवाजाची किंमत उतरते. मग लावा, पण चारही पाय जमिनीवर असतानाच. उधळला तर दोरी परत खुंटीला, एक मिनिट थांबा. पहिल्या दिवशी दारापर्यंत पोचायला पंधरा मिनिटं लागतात; ऑफिसच्या सकाळी हे करायला घेऊ नका, रविवार निवडा.

लिफ्टमध्ये कोपरा धरा, कुत्रा तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये, आणि दार उघडायच्या आधी दोन दाणे जमिनीवर. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर पुढची पकडा. गेटबाहेरच्या कुत्र्यांपाशी अंतर हेच औषध. ज्या अंतरावर तो त्यांना बघतो आणि तरीही तुमच्या हातचं चिकन खातो, तिथे थांबा. मग ते तीस पावलांवर असो की साठ. ते दिसले, तुकडा. परत दिसले, तुकडा. आणि वळून निघा. रोज एक-दोन पावलं जवळ. रस्ता अरुंद असेल तर पार्क केलेल्या गाड्यांची आड घ्या.

दोरी ताणली गेली की थांबायचं, सैल झाली की चालायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. मोडतं ते घाईच्या दिवशी. त्याला एक युक्ती आहे: सरावाच्या वेळी दोरी हार्नेसच्या छातीवरच्या कडीला, घाईच्या वेळी पाठीवरच्या कडीला. कोणत्या कडीला कोणता नियम हे कुत्रा ओळखतो, आणि घाईतली ओढाताण सरावात मिसळत नाही. गळ्यात आवळणारी साखळी किंवा काट्यांचा पट्टा नको. दुसरा कुत्रा दिसला की गळा दुखतो, एवढंच त्यातून शिकलं जातं, आणि मग दुसरा कुत्रा हाच शत्रू.

"त्याला दाखवा मालक कोण आहे" असं सांगणारे भेटतील. लांडग्यांच्या टोळीत एक 'अल्फा' दादागिरी करतो, ही समजूत बरीचशी रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने १९४७ मध्ये मांडलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवरून आली. डेव्हिड मीच (Mech) या अमेरिकी संशोधकाच्या लेखनातून ती पुढे लोकप्रिय झाली. मोकळ्या रानातले कळप पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असं साधं कुटुंब असतं. उताणं पाडून कुत्र्याला दाबून ठेवण्यामागे कसलाच आधार उरत नाही. चावा मात्र मिळू शकतो. साखळीला बांधून ठेवणं हाही उपाय नाही. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली तो गुन्हा ठरतो.

उतू गेलंच तर

ओरडू नका, मागे धावू नका. दोन्हींनी पाठलागाचा खेळ होतो. मूठभर दाणे जमिनीवर पसरा, खाण्यात नाक घातलं की शांतपणे दोरी लावा आणि आतल्या खोलीत न्या. दिवे मंद, पंखा, चघळायला काहीतरी, दहा-पंधरा मिनिटं. बाहेर आणताना चटई आधी पसरलेली असू द्या. अंघोळीनंतर किंवा सकाळी उठल्यावर दोन-तीन मिनिटं कान मागे टाकून, पार्श्वभाग खाली करून घरभर सुसाट पळणं मात्र निरोगी कुत्र्याचं लक्षण. काचेचं सामान बाजूला करा, घसरू नये म्हणून सतरंजी टाका आणि बघत बसा.

हे सहा-आठ आठवडे नेटाने करूनही फरक नसेल, किंवा तो चावत असेल, स्वतःची शेपटी पकडत तासन्‌तास गोल फिरत असेल, एकटा राहिल्यावर दार ओरबाडून पंजे रक्ताळत असेल, तर हा प्रश्न उत्साहाचा नाही, चिंतेचा आहे. त्यासाठी पशुवैद्यकाकडे औषधं आहेत. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तीही प्रशिक्षणाच्या जोडीनेच द्यायची असते. म्हणूनच फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांना वसुबारसेच्या दिवशी फोन करणं उशिराचं. गणपती उठले की भेटून घ्या. घरातली माणसांची झोपेची गोळी, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका.

खाऊ कधी बंद करायचा, हा प्रश्न दुसऱ्याच आठवड्यात येतो. घरच्या घरी पंधरा मिनिटं तो न उठता पडून राहायला लागला, की दाणे विरळ करा: कधी दोन मिनिटांनी, कधी सात. त्या बैठकीत वाचलेले दाणे रात्रीच्या भांड्यात टाका, म्हणजे कोटा पुरा होतो. बेल आणि पाहुण्यांसाठी मात्र पनीरची डबी दाराजवळच्या कप्प्यात, उंचावर, आणखी वर्षभर राहू द्या. लॅब्रेडॉर असेल तर डबीला घट्ट झाकण हवं.